कुबडीचं टोपण

माझे वडील गेले तेव्हा उमरग्यात लोक म्हणाले, हुशार माणूस होता. होतेच हुशार. पण ते आईच्या लुळ्या पायावर हुशार झाले, हे कुणी म्हणालं नाही.

निजामी अमलाची शेवटची वर्षं, त्यात दुसऱ्या महायुद्धाची लढाई. नवे टायर मिळेनासे झाले होते. सोलापूर-हैदराबाद सडकेवरच्या लॉऱ्या आमच्या दुकानापुढं थांबायच्या आणि वडील झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचे. ते रबर घरीच मळायचे. कच्च्या रबरात काजळी घातली की ताकद येते, खडूची भुकटी घातली की वजन वाढतं, गंधकानं ते भट्टीत पक्कं होतं. काय किती घालायचं, हीच सगळी विद्या.

टायर फुटला तर लॉरीवाला अंगावर धावून यायचा. म्हणून प्रत्येक नवं मिश्रण आधी आईवर. तिचा डावा पाय लहानपणापासून लुळा. कुबडीच्या टोकाला रबराचं टोपण लागायचं, आणि दर नव्या घाण्यातलं टोपण वडील स्वतः बसवून द्यायचे. शेजारणी म्हणायच्या, "किती जपतेत गं तुला!" संध्याकाळी वडील ओट्यावरून विचारायचे, "धरतंय का घसरतंय?"

खडू जास्त झाला तर टोपणाचे तुकडे पडायचे. गंधक जास्त झालं तर ते लाकडासारखं टणक व्हायचं आणि आई ओल्या फरशीवर आपटायची. तिच्या कोपराचे वण बघून वडील प्रमाण बदलायचे. माझा संताप व्हायचा. आई म्हणायची, "गप बस. माझ्यावर न्हाय तर तुझ्यावर करतील."

मिश्रण मऊ राहावं म्हणून इतर कारागीर जनावराची चरबी घालायचे. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. चरबी उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. वडिलांनी करडईचं तेल घातलं, तेही सढळ हातानं. धर्म राहिला. उन्हाळ्यात टोपणाला घाम फुटावा तसं तेल सुटलं. आई आडावर गेली, कुबडी सरकली आणि तिचा खुबा मोडला. वडील धावत आले. आधी कुबडी उचलली, टोपणावर अंगठा घासला. "तेल लई झालं," म्हणाले. मग आईकडं बघितलं.

आई पुन्हा उभी राहिली नाही. तेल कमी केलेलं रबर मात्र झकास निघालं, हैदराबादेपर्यंत नाव झालं. वडिलांनी त्याचं नवं टोपण कुबडीवर चढवलं आणि कुबडी कोपऱ्यात ठेवून दिली. जुनं टोपण आईनं माझ्याकडून मागून घेतलं, उशाखाली ठेवलं.

काही वर्षांनी वडिलांच्या एका बाजूवरून वारं गेलं. वैद्य म्हणाले, आधारानं रोज चाललात तर पाय परत येईल.

आई मला म्हणाली, "कुबडी आण इकडं." पडल्या पडल्या तिनं चांगलं टोपण ओढून काढलं आणि ते जुनं बसवलं. वाळून ते शिंगासारखं झालं होतं.

वडिलांनी कुबडी काखेत घेतली, एक पाऊल टाकलं, आणि ती फरशीवरून सर्रकन गेली. भिंतीला धरून वाचले. वाकून टोकाकडं बघितलं. आपला माल त्यांनी ओळखला.

"आवो," आई खाटेवरून म्हणाली, "धरतंय का घसरतंय?"

मी नंतर चांगलं टोपण चढवून दिलं, तरी त्यांनी कुबडीला हात लावला नाही. पाय कायमचा गेला. समोरासमोरच्या खाटांवर दोघं पडून असायची, आणि आई रोज संध्याकाळी तेवढंच विचारायची.