खाऱ्या पाण्याच्या गावात शेखसर

प्रा. हबीब शेख यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं असं संपादक मंडळानं सुचवलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. सरांविषयी लिहायचं तर माझ्या घरातल्या एका मृत्यूविषयी लिहावं लागतं, आणि गौरवग्रंथात ते कितपत शोभेल याची शंका होती. शेवटी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "घडलं ते लिही. माझी स्तुती कमी कर." त्यांची आज्ञा जमेल तितकी पाळते.

सरांची माझी पहिली भेट अमरावतीच्या महाविद्यालयात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला झाली. भूशास्त्र मी निवडलं नव्हतं, बाकीच्या तुकड्या भरल्या होत्या म्हणून ते वाट्याला आलं. गाळाच्या खडकांचा पहिला तास होता. सर एकेकाला गाव विचारत होते.

"दर्यापूरच्या पुढे, सर. खारपाणपट्ट्यातलं," मी म्हणाले.

"पाणी कसं आहे तुमच्याकडे?"

"विहिरीचं खारं आहे. डाळ शिजत नाही."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हिच्या गावाखाली पूर्णेनं आणून टाकलेला गाळ आहे," ते म्हणाले. "रेती, चिकणमाती, पुन्हा रेती. थरावर थर. त्यातच खारट पाणी अडकून बसलंय. तुम्ही जे पुस्तकात वाचणार, त्याच्यावर ही मुलगी रोज झोपते." आमच्या गावाबद्दल कोणी इतक्या आदरानं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सर आम्हाला मोर्शीच्या पुढे सालबर्डीला घेऊन गेले. तिथे वालुकाश्माचा उभा छेद आहे, त्यात तिरके थर स्पष्ट दिसतात. एका मुलानं वहीत लिहिलं, 'येथे पूर्वी मोठी नदी होती.' सरांनी त्याला जवळ बोलावलं. "नदी पाहिली का तुम्ही? तिरके थर पाहिले, ते लिहा. नदी त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत. आणि 'होती' नाही, 'असावी'." त्या दिवशी आम्हाला हा काटेकोरपणा जाचक वाटला. त्याची खरी किंमत मला पुढच्याच वर्षी कळली, आणि ती फार जबर होती.

माझा मोठा भाऊ विलास याच्या किडन्या निकामी झाल्या. त्याला डायलिसिससाठी अमरावतीला आणावं लागे. आदल्या दिवशी आई आणि दादा येत, पण मी वसतिगृहात असल्यानं त्यांनी राहायचं कुठे हा प्रश्न होता. मी सरांजवळ शब्दही काढला नव्हता. त्यांना वर्गातल्या कोणाकडून तरी समजलं आणि ते स्वतः बसस्थानकावर जाऊन दोघांना घरी घेऊन गेले. मुसलमानाच्या घरी जेवायचं कसं, या विचारानं आई अवघडली होती. सरांच्या पत्नी रजियाआपांनी ते ओळखलं. "वहिनी, शेगडी घ्या, तुमच्या हातानं करा. मी भाजी चिरून देते," त्या म्हणाल्या. काही आठवड्यांत आई त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवू लागली. दादाला मीठ बंद होतं. तो घरात असला की सरांच्या ताटातही अळणी वरण असे. दादानं एकदा विचारलं, "सर, तुमी काहून असं खाता?" सर म्हणाले, "डॉक्टरनं मलेबी कमी सांगतलं." तसं कोणी सांगितलेलं नव्हतं, हे आपांनी आम्हाला नंतर सांगितलं.

हिवाळा संपता संपता दादा गेला.

सर गावात आले ते तेराव्याला. गावकऱ्यांनी नळाच्या पाण्यासाठी सरकारकडे अर्ज करायचं ठरवलं होतं. ओट्यावर माणसं जमली होती. सरपंच म्हणाले, "सर, तुमी मातीतले जाणते. पान्यानंच इलास गेला, एवढं लिहून द्या. तुमच्या सहीनं वजन पडन."

सर म्हणाले, "हे पाणी पिण्यालायक नाही, हे मी आत्ता लिहून देतो, खाली सही करतो. पण विलास त्यानंच गेला, हे मले माहीत नाही. गेला असावा, इतकंच म्हणू शकतो."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले. "माहा पोरगा गेला, सर. तो काही 'गेला असावा' नाई."

सरांनी मान खाली घातली. त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. पिण्यालायक नाही एवढं त्यांनी लिहून दिलं. ते निघाले तेव्हा त्यांना सोडायला वेशीपर्यंत कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझं कॉलेज बंद केलं. "ज्या इद्येले आपल्या घरचं मरण समजत नाही, ते शिकून काय करतं?" मलाही तसंच वाटत होतं.

अर्जाचं काही झालं नाही. उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं बोअर घ्यायचं ठरवलं आणि सरपंच पुन्हा सरांकडेच गेले. सर आले. दोरानं जुन्या विहिरींत उतरून त्यांनी थर पाहिले आणि नाल्याच्या काठाजवळची जागा दाखवली. तिथे रेतीचा थर वरच असावा आणि त्यात कमी खारं पाणी मिळावं, असा त्यांचा अंदाज होता. बोअरमधून निघालेली माती विद्यार्थी गोणपाटावर क्रमानं मांडत होते. रेती लागली. पाणीही लागलं. पहिल्या बाईनं गडवा भरला, घोट घेतला आणि थुंकला.

सर ओंजळीत घेऊन ते पाणी प्यायले.

"अजून खाली नेऊ का?" मशीनवाल्यानं विचारलं.

"नको. खाली याहून खारं लागेल."

मग ते पारावर गेले आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. "जागा मी दाखवली होती. माहा अंदाज चुकला. यात सरपंचांचा दोष नाही, मशीनवाल्याचाबी नाही." लोक नको नको ते बोलले. सर्वांचं बोलून होईपर्यंत सर उन्हात उभे होते. बाबाही गर्दीत उभे होते.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "सुनीता, कॉलेज कधी सुरू होते?"

"पंधरा दिवसांनी."

"जाजो." हात धुऊन आल्यावर म्हणाले, "त्या दिवशी त्याईनं हो म्हटलं असतं, तर गावानं त्याईले खांद्यावर घेतलं असतं. नाई म्हटलं. आज गाव शिव्या देऊन राहिलं, तरी खरंच सांगतलं. अशा माणसापाशी शिकाव."

आज मी त्याच विभागात शिकवते. रजियाआपा दोन वर्षांपूर्वी गेल्या, सर घरी एकटेच असतात. यंदा स्तरशास्त्राच्या वर्गातली मुलं एका बाकावर मावतात, आणि विभाग किती दिवस राहील हे कोणी सांगत नाही. आमच्या गावात नळ आला आहे, पाणी मात्र कधीमधी येतं. बाकीच्या दिवशी विहीर. दादानंतर गावातली आणखी माणसं डायलिसिसला जाऊ लागली. ते पाण्यामुळेच आहे, असं मी लिहिलेलं नाही. तपासणी चालू आहे.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीनं पुन्हा बोअरचा विचार काढला. बाबा आता थकले आहेत, पण सभेला गेले आणि जागा शेखसरांनीच पाहावी असं सांगून आले. मी म्हणाले, "बाबा, मागच्या वेळी त्यांची जागा चुकली होती."

"पानी लागन, नाई लागन," बाबा म्हणाले. "खारं लागलं तर खारं म्हणणारा मानूस पायजे."

सरांना फोन केला. त्यांचे गुडघे दुखतात, डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. "येतो," ते म्हणाले, "ऊन चढायच्या आत." विहिरीत आता मी उतरेन, सरांनी काठावर खुर्ची टाकून बसावं. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर स्वच्छ राहो आणि माझं चुकलं तर तिथल्या तिथे टोकायला ते पुढची पुष्कळ वर्षं आमच्या शिवारात येत राहोत.