लॉरीत अरे, घरात अहो

माझ्या नातजावयाच्या लॉरी-शिक्षणाचे पैसे मी भरले. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येकाचे त्यावर काही मत आहे. माझे मत एवढेच की पैसे माझे होते.

नात पापनाशमच्या सरकारी शाळेत शिकवते. तिने सांगलीकडचा मुलगा केला. तिची नोकरी कायमची, त्याची कायमची नाही, म्हणून तो इकडे तंजावूरला राहायला आला. घर माझे. मराठी राजांच्या राजवाड्यामागची गल्ली, आमची माणसे त्यांच्याबरोबरच इकडे आलेली. दोन खोल्या आणि मागे विहीर. तिकडे तो द्राक्षांच्या व्यापाऱ्याची छोटी पिकअप चालवत होता. इकडे आला तो तमिळचा एक शब्द न येता. चार महिने त्याने काम शोधले आणि चार महिने मी त्याला सकाळी कॉफी दिली. माणूस चांगला. पाणी भरायचा, नारळ सोलायचा. पण तरणाबांड जावई दिवसभर घरात बसला की घर लहान होते.

पापनाशमच्या तांदळाच्या गिरणीवाल्याने त्याला नातीमार्फत सांगितले होते, "पोंगलनंतर सांब्याचे हिवाळी भात कापले की मला ड्रायव्हर लागतील. मोठ्या गाडीचा परवाना घेऊन ये, दुसऱ्या दिवशी लॉरी देतो." तिकडून त्याच्या भावाचा फोन येत होता, "संक्रांतीपर्यंत बघ, नाहीतर दोघे निघून या. इथे टेम्पो घेऊ." बदलीसारखी काही सोय नातीच्या नोकरीला नव्हती. नोकरी सोडायची एवढेच. ती गेली असती तर मला चेन्नईला मुलाकडे नेले असते, नवव्या मजल्यावर. मी तिथे एकदा पंधरा दिवस राहून आले आहे. मुलगा चांगला, सूनही चांगली, पण तिथे खाली पाहिले की माणसे मुंगीएवढी दिसतात आणि वर पाहिले की दुसऱ्याची फरशी. तेव्हा मी जे केले ते स्वतःसाठी केले. उगाच कोणी मला थोर म्हणू नये.

माझी एक चीट होती, म्हणजे भिशी. आम्ही गल्लीतल्या बायका दर महिन्याला पैसे टाकतो आणि पाळीपाळीने उचलतो. माझी पाळी आली होती. त्यातून मी एसी घेणार होते. त्याला म्हटले, "जावईबापू, तुम्ही लॉरी शिका. पैसे मी देते."

तो म्हणाला, "नको आजी. बायकोच्या माहेरचे पैसे मी घेत नाही."

"दिवाळसणाला अंगठी आली असती तर घेतली असती ना?"

"तो मान असतो. ते वेगळं."

"मग हाच मान समजा. तुमचा पहिला दिवाळसण आहे. अंगठी घालून तुम्ही घरातच बसणार. त्यापेक्षा हे बरे."

नात आतून हसली. तो लाजला आणि कबूल झाला.

बसस्टँडजवळ एक ड्रायव्हिंग स्कूल होते. मोठा फलक, आत एसी, टेबलामागे टाय लावलेला माणूस. त्याने कार, जड वाहन, सगळे शिकवतो म्हणून सांगितले आणि पैशाचा आकडाही सांगितला. मी विचारले, "लॉरी कुठे आहे?"

"लॉरी येते, अम्मा. परीक्षेच्या दिवशी आणतो."

"आणि शिकायचे कशावर?"

"कार येते ना त्यांना? मग लॉरी म्हणजे मोठी कारच."

मी उठले. गाय विकत घेताना मी गोठ्यात जाऊन तिचे दात पाहिलेले आहेत. न दिसणाऱ्या लॉरीचे पैसे देण्याइतकी मी शिकलेली नाही. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. बाळबोध अक्षर सासऱ्यांनी घरी शिकवले म्हणून हे लिहिते आहे.

आणखी दोन ठिकाणी तेच झाले. शेवटी आमच्या दूधवाल्याने सांगितले, तिरुवैयारुच्या रस्त्याला एक म्हातारा मास्टर आहे, त्याची स्वतःची जुनी लॉरी आहे, तोंड वाईट आहे पण त्याच्या हाताखालचा माणूस कधी नापास झालेला ऐकला नाही. आम्ही गेलो. लॉरी चिंचेखाली उभी होती, पुढे लाल रंगात एल काढलेला. मास्टरने अर्धे पैसे आधी आणि अर्धे परवाना हातात आल्यावर मागितले. मला ते पटले. आमच्याकडे कोणतीही विद्या विजयादशमीला सुरू करतात आणि गुरूला पैसे असे हातात कोंबत नाहीत. मी त्या दिवशी ताटात पाने, सुपारी, केळी आणि वर पैसे ठेवून दिले. मास्टरने चाकाखाली लिंबू ठेवले आणि म्हणाला, "मला हिंदी येत नाही, इंग्रजी येत नाही. याला तमिळ येत नाही. मी बोलणार कसा?"

नात शाळेत. गल्लीतले पुरुष एकतर ऑफिसात, नाहीतर लॉरीत बसण्यात कमीपणा मानणारे. मी म्हटले, "मी बसते."

शेजारची बाई हे ऐकून धावत आली. "अक्का, आपल्या लोकांनी लॉरी चालवायची? राजवाड्याची गल्ली ही!"

"राजवाड्यात हत्ती होते," मी म्हटले. "त्यांनाही कोणीतरी चालवतच होते."

तर शिकाऊ परवाना आल्यावर रोज सकाळी आम्ही बसने जायचो आणि मी लॉरीच्या केबिनमध्ये, दोघांच्या मध्ये, पाय इंजिनाच्या गरम पेटीपासून वर धरून बसायची. मास्टरला तमिळ येत होती आणि शिव्या येत होत्या. त्या दोन्हींची तो भेसळ करायचा. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'डेय'. डेय म्हणजे आपले 'अरे', फक्त त्यात थोडी चप्पल असते.

आता अडचण अशी की आमच्या घराण्यात जावयाला अरे म्हणत नाहीत. माझ्या आईने माझ्या नवऱ्याला, तो तिच्यापुढे तिसऱ्यांदा वांग्याची भाजी मागत असतानाही, अहोच म्हटले. मी माझ्या जावयाला अहो म्हणते. नातजावई तर त्याहून नाजूक. त्यामुळे मास्टर म्हणायचा, "डेय, एरुमे, क्लच सोड!" एरुमे म्हणजे म्हैस. आणि मी सांगायची, "जावईबापू, मास्टर म्हणतात, क्लच सोडला तर बरे होईल."

मास्टरला मराठी कळत नव्हती, पण लांबी कळत होती. "पाट्टी," तो मला म्हणाला, इकडे आजीला पाट्टी म्हणतात, "मी तीन शब्द बोलतो. तुम्ही त्याचे लग्न लावून परत येता."

सरळ रस्त्यावर हे चालून गेले. मग मागे घेणे आले. कालव्याकडेचा अरुंद रस्ता, दोन्हीकडे नुकतीच भाताची लावणी झालेली. मास्टर खाली उतरून मागे उभा राहिला. मी खिडकीतून डोके बाहेर काढून बसले. लॉरी मागे जात होती. मास्टर ओरडला, "थांबव रे!"

मी डोके आत घेतले आणि म्हणाले, "अहो जावईबापू, मास्टर म्हणतात, आता जरा थांबावे."

'थांबावे' म्हणेपर्यंत मागचे चाक भातात होते. लॉरी एका बाजूला बसली, मीही बसले, मास्टरच्या अंगावर चिखल उडाला. शेतवाली बाई विळा घेऊन आली. तिने आमच्या तिघांच्या आयांची चौकशी केली. ट्रॅक्टर आणून लॉरी ओढून काढली. ट्रॅक्टरचे आणि रोपांचे पैसे मीच दिले. एसीचे आता नावही काढायला नको होते.

मास्टरने चेहरा पुसला. "पाट्टी, तुमची मानमर्यादा माझी लॉरी कावेरीत बुडवेल. मी बोलतो तसे त्याला बोलायचे असेल तर उद्या या. नाहीतर येऊ नका. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत."

परतीच्या बसमध्ये जावई खिडकीबाहेर पाहत होता. त्याच्या भावाचा फोन आला. तो 'बघतो' म्हणाला. आधी तो 'नाही' म्हणायचा. मला नववा मजला दिसू लागला.

मग तो म्हणाला, "आजी, मला अरे म्हणा."

"मेल्यावर."

"कोण मेल्यावर?"

"दोघांपैकी कोणीही."

"माझी आई मला अजून गाढव म्हणते. मला सवय आहे."

"ती तुमची आई आहे. मी बायकोची आजी आहे. गाढव म्हणायचा तिचा हक्क आहे, माझा नाही."

"मग लॉरीपुरता मी जावई नाही," तो म्हणाला. "स्टिअरिंगला बसलो की शिकाऊ. उतरलो की जावई. चालेल?"

बोलणे बरोबर होते. पण तोंडाला वळण पडलेले असते. दुसऱ्या दिवशी मास्टरसमोर मी तीनदा प्रयत्न केला. 'अ' पर्यंत आले आणि 'हो' निघाले. मास्टर कपाळाला हात लावून बसला.

तेवढ्यात वळणावर बदके आली. कुरुवैचे, म्हणजे आधीच्या पिकाचे, भात कापले की बदकवाले त्यांना खुंटांत चरायला नेतात, शेकड्याने. रस्ताभर पांढरी-तपकिरी बदके, मागे काठी घेतलेला माणूस. जावई गिअरकडे बघत होता. मास्टरचे तोंड उघडायच्या आधी माझे उघडले.

"अरे गाढवा, ब्रेक!"

लॉरी जागच्या जागी थांबली. माझे कपाळ काचेवर आपटले. बदके बोंबलत पुढून निघून गेली, एकही कमी झाले नाही. जावयाने माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता हा उतरून सांगलीला जाणार. तो म्हणाला, "आजी, गाढव मराठीत, म्हैस तमिळमध्ये. पूर्ण गोठा झाला."

मास्टर खुश होता. "आता शिकेल," म्हणाला.

आणि शिकला. सकाळी कालव्यावर मी त्याला अरे, मेल्या, आंधळ्या म्हणायची. घरी आल्यावर पाय धुऊन, "जावईबापू, कॉफी घेता ना?" मधे दिवाळी आली. पहाटे त्याला पाटावर बसवून डोक्याला तेल लावले, नवी वेष्टी, म्हणजे इकडचे धोतर, दिली, सगळे रीतीने केले. तो म्हणाला, "आजी, अंगठी?" मी म्हटले, "अंगठी तुम्ही भातात घातलीत, अहो." नातीला काही कळले नाही. आम्ही तिला ते चिखलाचे सांगितले नव्हते. अजूनही अर्धेच सांगितले आहे.

मार्गळी महिन्यात, म्हणजे संक्रांतीच्या आधी, परीक्षा झाली. तिथे मला केबिनमध्ये बसू देईनात. मी बाहेर बाकावर बसले, मास्टर माझ्या शेजारी. इन्स्पेक्टर तमिळमध्ये सांगत होता: मागे घे, डावीकडे, अजून, थांब. आणि जावई सगळे करत होता. मला तेव्हा लक्षात आले की गेले कित्येक दिवस तो माझी वाटच पाहत नव्हता. मास्टर बोलला की त्याचा पाय आधीच हलत होता. मी मागाहून नुसती ओरडत होते. मास्टरला विचारले तर म्हणाला, "मला ठाऊक होते. पण तुम्ही ओरडला की तो नीट चालवतो."

परवाना आल्यावर उरलेले अर्धे पैसे मी परत ताटातून नेले. मास्टरने सुपारी काढून तोंडात टाकली, मग पैसे मोजले. मला असा माणूस आवडतो.

पोंगलनंतर गिरणीवाल्याने शब्द पाळला. भावाला फोन गेला. चेन्नईच्या मुलालाही मी फोन केला, "माझी खोली भाड्याने द्यायची तर दे." उन्हाळा एसीशिवायच काढला. विहिरीचे पाणी शिंपडून जमिनीवर झोपते, झोप लागते.

मागच्या आठवड्यात जावई आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात तांदळाची पोती टाकायला आला होता. लॉरी मागे घेताना खांबाजवळ जायला लागला. मी कट्ट्यावर शेंगा निवडत होते. तिथूनच ओरडले, "अरे आंधळ्या, खांब!"

लॉरी थांबली. शेजारची बाई दारात आली, गालावर हात ठेवून. "अक्का! जावयाला अरे?"

"खाली उतरू दे," मी म्हटले, "मग अहो म्हणते."

तो उतरला. मी आत जाऊन जावईबापूंसाठी कॉफी टाकली.