बुटकूमामांची बसकी पिकअप

उभ्या माणसाशी बुटकूमामा बोलत नसत. समोरचा कितीही घाईत असो, कितीही मोठा असो, मामा आधी त्याला बसायला लावत. "बस रं आधी, मंग बोल," हेच त्यांचं स्वागत. ओटा असेल तर ओट्यावर, नसेल तर बांधावर, आणि तेही नसेल तर दुधाच्या उपड्या कॅनवर पाहुण्याला टेकावं लागे. एकदा शेताच्या कामासाठी आलेल्या तलाठ्याला त्यांनी गवताच्या भाऱ्यावर बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तलाठी बिचारा आपण काय विचारायला आलो होतो तेच विसरला. मान वर करून कुणाशी बोलायचं नाही, हा मामांचा नेम होता. त्यांच्या उंचीच्या माणसाला तो पाळायचा, तर सगळं गाव खाली बसवण्यावाचून इलाज नव्हता.

ते माझ्या आईचे धाकटे भाऊ. कडावच्या सडकेपासून आत, भातखाचरांच्या पलीकडे त्यांची वाडी. तोंडावर सगळे 'मामा' म्हणत आणि पाठ फिरली की 'बुटकूमामा'. मामांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. मामी मात्र त्यांच्यापेक्षा चांगल्या डोकंभर उंच. लग्नात अंतरपाट धरला, तेव्हा मामींना पलीकडचं सगळं दिसत होतं आणि मामांना नुसताच अंतरपाट, असं माझी आई हसून हसून सांगे. त्यावर मामांचं उत्तर तयार असे. "मंजी तिनं मला आधी नीट बघितला नि मंग हार घातला. आता तक्रार करायची नाय."

अशा माणसाने गाडी घ्यावी तर लहानशी घ्यावी की नाही? मामांनी लष्कराच्या लिलावातून जुनी अमेरिकन पिकअप उचलली. हिरवी, गोल नाकाची, आणि उंच म्हणजे किती, तर बॉनेटवर ठेवलेली किल्ली मामांना सापडत नसे. दोन गोधड्यांची घडी बुडाखाली घेऊन ते ती चालवत. मी तेव्हा भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होतो आणि क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथे मामा रोज दूध घालत. गाडी फाटकातून आत शिरे तेव्हा काचेमागे नुसती गांधी टोपी दिसे. क्वार्टरमधल्या बायका "टोपी आली गं" म्हणून पातेली घेऊन बाहेर पडत.

मामा गाडीत चढत तेही बघण्यासारखं असे. आधी दार धरायचं, मग एक उडी फुटबोर्डवर, दुसरी आत. कुणी हात द्यायला पुढे झालं की डोळे वटारत. मामी शेजारच्या सीटवर आधीच ऐटीत बसलेल्या असत. मामांची उडी हुकली की त्या हसू दाबायला पदर तोंडाला लावत आणि मामा म्हणत, "हस, हस. तुला काय, देवानं शिडीसकट पाठवलीय."

हे हसणं एका पावसाळ्यात थांबलं. लावणीच्या दिवसांत मामी चिखलाच्या बांधावरून घसरल्या आणि कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, त्या चालायलाही लागल्या, पण डावा पाय वितीच्या वर उचलेना. पिकअपचा फुटबोर्ड त्यांच्या गुडघ्याला लागे. स्टूल ठेवून पाहिलं, तर त्यावर उभ्या राहून त्या थरथरू लागल्या. एस.टी.ची पायरी त्याहून उंच. बैलगाडीत पहिल्याच गचक्याला त्यांनी कंबर धरली. आम्ही दोघांनी मिळून उचलून गाडीत ठेवू म्हटलं, तर त्या कडाडल्या, "मी काय भाताचं पोतं हाय? हात लावून तर बघा." त्या दिवसापासून मामी अंगणाच्या बाहेर गेल्या नाहीत.

चौकला त्यांचा थोरला भाऊ होता, सख्खा असा एकुलता एक. त्याला दमा, त्यामुळे तोही घर सोडत नसे. दर भाऊबीजेला मामी पिकअपमधून त्याला ओवाळायला जात. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांचं जाणं हुकलं. मागाहून निरोप आला की भाऊ अंघोळ करून ओवाळून घ्यायला बसला तो दुपार कलली तरी जागचा उठत नव्हता, जेवलाही नाही. मामींनी निरोप ऐकला आणि आत जाऊन चूल फुंकत बसल्या. मामा मात्र रात्रभर तळमळले असावेत, कारण सकाळी त्यांनी मला सांगितलं, "भाच्या, फुडली भाऊबीज चौकला. ती गाडीपातूर चढत नसंल, तर गाडीला तिच्यापातूर उतरवू."

मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत. पण वर्ष उलटून दसरा झाला आणि मामा मला घेऊन खरंच खोपोलीला निघाले. घाट उतरून येणाऱ्या ट्रकांचे पाटे तिथे दुरुस्त होत. पाटे म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी कमानी, एकावर एक रचलेल्या. ओझ्याने त्या सपाट झाल्या की गाडी 'बसली' म्हणतात, आणि बसलेली गाडी उठवणं हा पाटेवाल्या मिस्त्रीचा धंदा. मामांनी आधी मिस्त्रीला टायरवर बसवलं आणि मग सांगितलं, "माझी गाडी बसवायची हाय."

मिस्त्री म्हणाला, "मामा, लोक माझ्याकडे बसलेली गाडी उठवायला येतात. चांगली उभी गाडी बसवायची म्हणजे माझं नाव खराब."

"उंट मानसासाठी खाली बसतो का नाय? मंग ही तर लोखंडाची हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी बंडीच्या खिशातून सुतळीचा तुकडा काढला. त्याला एक गाठ मारलेली होती. "या गाठीवर फुटबोर्ड आला पायजे."

"हे काय माप?"

मामा जरा घुटमळले. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "आमच्या मंडळींचं पाऊल हाय. भिंतीला टेकून उचलायला लावलं नि माप घेतलं."

मिस्त्रीने सुतळी फुटबोर्डला बांधून खाली सोडली आणि कामाला लागला. प्रत्येक जुडग्यातले काही पाटे काढले, उरलेले घणाने ठोकून सपाट केले, आणि मागचा आस पाट्यांच्या खाली होता तो वर घेतला, म्हणजे गाडी तेवढी खाली आली. घण पडायचा तसे मामा डोळे मिटायचे. काम संपलं तेव्हा गाठ जमिनीला टेकली होती आणि पिकअप अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी दिसत होती. "आता पोटात भार घालू नको," मिस्त्रीने बजावलं. मामांनी मान डोलावली. काढलेले पाटे त्यांनी घरी आणले आणि लोहाराकडून त्यांचे कोयते करून वाडीत वाटून टाकले.

पुढचे काही दिवस आमच्या क्वार्टरला करमणुकीला तोटा नव्हता. "मामा, चाकं विकली काय?" "मामा, गाडी जमिनीत पेरलीत काय?" दगड लागला की कॅन एकमेकांवर आदळत आणि मामा टोपी सावरत उतरत. सगळ्यांचा पक्का समज होता की बुटकूमामांनी आपल्या उंचीपायी गाडी खाली आणली. मी एकदा खरं सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी माझा पाय दाबला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "व्हय, माझ्यासाठीच. उड्या मारून कंटाळलो." मामींच्या पायाची चर्चा चार घरांत व्हायला नको, म्हणून या ताठ माणसाने आपली उंची लोकांच्या हसण्याला मोकळी करून दिली होती. मला त्यांचा फार अभिमान वाटला, पण तसं बोलून दाखवलं असतं तर त्यांनी माझं दूध बंद केलं असतं.

गाडी एरवी सडकेवरच्या गोठ्यापाशी उभी असे. भाऊबीजेच्या सकाळी मामा मला शेजारी बसवून ती वाडीवर घेऊन आले. सारवलेल्या अंगणात पिकअप थांबली, मामींनी नवं लुगडं सावरलं, पाऊल उचललं आणि फुटबोर्डवर ठेवलं. तिथून आत म्हणजे ओटीची पायरी. कुणाचा हात नाही, स्टूल नाही. मामी सीटवर बसून समोर बघत राहिल्या आणि मामा गाडीभोवती उगाच एक चक्कर मारून आले.

आनंदाच्या भरात मिस्त्रीचा शब्द ते विसरले. नव्या तांदळाचं पोतं चढलं, फराळाचे डबे चढले, नारळ चढले. कर्जतला जाणारी निम्मी वाडी "मामा, आमीबी येतो" म्हणत मागे चढली आणि मामा हात हलवून म्हणत राहिले, "या, या, आपलीच गाडी हाय!"

आमच्याकडच्या वाटा बैलगाड्यांनी पाडलेल्या. पावसात चाकोऱ्या खोल जातात, दिवाळीपर्यंत वाळून घट्ट होतात आणि मधे राहतो उंचवटा. मामांनी अंगण मोजलं होतं, पाऊल मोजलं होतं. वाट मोजायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. येताना रिकामी गाडी घासत का होईना आली होती. आता अर्ध्या वाटेत तिचं पोट उंचवट्यावर टेकलं आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. सगळे उतरून ढकलू लागले. गाडी हलेना. मामांनी चाकाला लाथ मारली, मग स्वतःचाच पाय धरला. एकजण म्हणाला, "बैल आनू." दुसरा म्हणाला, "ते रानात गेलंत." ऊन चढत होतं. मामांचा चेहरा इतका उतरला की त्यांच्याकडे बघवेना. "तुझा भाऊ आजबी उपाशी बसंल गं," ते मामींना म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात मामींनी दार उघडलं. गाडी चाकोरीत बसल्यामुळे फुटबोर्ड शेजारच्या बांधाला अगदी लागून आला होता. मामींनी पाऊल टाकलं आणि त्या बांधावर उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना पिकलेलं भात होतं. त्यांनी थोडा वेळ सगळं पाहून घेतलं.

"सडक किती लांब ऱ्हायली?"

"ती काय, चिंचंपाशी," मामा म्हणाले. "पन तू कशी—"

"फुडं व्हा तुमी."

बांध अरुंद, दोघं शेजारी चालू शकत नव्हती. मामा पुढे झाले आणि मामींनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा बरोबर त्यांच्या तळहाताखाली आला. वाकायला नको की हात उंच करायला नको. मामी सावकाश चालत होत्या आणि मामा, जन्मभर घाईने चालणारा माणूस, त्यांच्या पावलाने पाऊल टाकत होते. मागे एकाने गंमत करायला तोंड उघडलं, पण मग त्यानेही गपचूप तांदळाचं पोतं खांद्यावर घेतलं.

माणसांमागोमाग ओझंही उतरल्यावर पिकअप जराशी उठली. आम्ही ती रेटत सडकेवर आणली. तिथे मामी पुन्हा सुतळीच्या मापाने गाडीत चढल्या आणि दुपारच्या आत चौकला पोचल्या. भावाने त्यांना दारात पाहिलं आणि दम लागेपर्यंत रडला. ओवाळताना मामा कोपऱ्यात उभे होते, आणि या खेपेला त्यांनी कुणालाच खाली बसायला सांगितलं नाही.

त्यानंतर मामी रोज संध्याकाळी बांधाने सडकेपर्यंत जात, पुढे मामा आणि खांद्यावर हात. "मी आता जनावर झालो, हिनं मला जुंपलाय," असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, पण संध्याकाळ झाली की धोतर झटकून तेच आधी अंगणात उभे असत. पिकअप तशीच बसकी राहिली. तिच्या पाट्यांचे तर कोयते होऊन गेले होते. शेवटी ती दूध वाहायच्याही कामाची उरली नाही, तरी भाऊबीजेला मात्र न चुकता चौकला जाई.

बऱ्याच वर्षांनी मामा झोपेतच गेले. तेराव्यानंतरही मामी अंगणाबाहेर पडेनात, म्हणून मी माथेरानच्या बाजारातून त्यांच्यासाठी चांगली वेताची काठी आणली, वळलेल्या मुठीची. मामींनी ती हातात घेतली, टेकून अंगणात चार पावलं टाकली आणि परत माझ्या हातात दिली.

"चांगली हाय रं. पन लय बुटकी हाय."

मग त्यांनी हात पुढे केला आणि हवेतच एका उंचीवर धरला.

"एवढी आन."