जपानी पानांची भोकं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी जे करून बसलो ते जगातल्या कुठल्याच रफूगाराने केलं नसेल!

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. बहरीनला, नईम मोहल्ल्यात, उस्मानभाईंच्या शिलाईच्या दुकानात मी रफूचं काम करायचो. उस्मानभाई रत्नागिरीचे, मी गुहागरचा.

एक दिवस रिफाहून एक जपानी बाई आल्या. नवरा कुठल्याशा कंपनीत इंजिनीअर. बाईंनी किमोनो आणला होता. म्हणजे त्यांचा तो पायघोळ, रुंद बाह्यांचा रेशमी पोशाख. एका बाहीची शिवण उसवली होती.

"ओन्ली स्लीव्ह," बाई म्हणाल्या. शुक्रवारी लग्नाला घालायचा होता.

शिवण दहा मिनिटांत झाली. घडी घालताना पाहतो, तर खालच्या घेरावर रेशमाने भरलेली पानं. लाल, पिवळी, हिरवी. आणि पानांना भोकं!

"उस्मानभाई, कसर लागलीय!"

"बाईंनी सांगितलंय काय?"

"त्यांना कुठलं दिसायला?"

"मग हात लावू नको."

ऐकेन तर मी कसला! आता बघा, भोकातून खालचं कापड धडधाकट दिसत होतं. कापड सोडून नुसतं भरतकाम खाणारी कसर तुम्ही कधी पाहिलीय? पण तेवढी अक्कल तेव्हा कुठे होती? दोन दिवस मान मोडून बसलो आणि झाडून सगळी भोकं भरली.

बुधवारी बाई आल्या. मी ऐटीत किमोनो पसरला. "मॅडम, ऑल होल खलास!"

बाई बघतच राहिल्या. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आनंदाने!

मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं. ते भरतकाम त्यांच्या आईच्या हातचं. झडायला आलेलं पान किड्यांनी खाल्लेलंच असतं, म्हणून आईने मुद्दाम, मोजून नऊ भोकं ठेवली होती. आई आता नव्हती.

उस्मानभाईंनी कात्री माझ्यापुढे सरकवली. "बस. पाड आता भोकं."

बाईंसमोर मान खाली घालून एकेक टाका उसवला. आठ भोकं मोकळी झाली. नववं काही सापडेना! शोधून शोधून डोळे दुखले.

खोटं कशाला बोलू, तेवढ्या शरमेतही छाती जरा फुगलीच. "उस्मानभाई, रफू असा बसलाय की माझा मलाच दिसत नाही!"

बाईंनी खुर्चीतून न उठताच बोट दाखवलं.

"सॉरी... दॅट अग्ली ग्रीन."