कमलीबाईची जीभ

मणिबेलीच्या वरच्या अंगाला, नर्मदेकाठच्या एका पाड्यावर कमलीबाई राहायची. तिच्या जिभेला म्हणे ताकद होती. ती बोलेल ते होतं, असं पाड्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. पेरणीला निघायचं, कमलीबाईला विचारा. गाय व्यायला अडली, कमलीबाईला उठवा. ती बिचारी "होईल नीट" म्हणायची, बहुतेक वेळा व्हायचंही नीट, आणि लोक दारात टोपलीभर मोहाची फुलं ठेवून जायचे. तोवर ती देवमाणूस होती.

तिला स्वतःला मात्र या जिभेची धास्ती होती. शेजारच्या सुकरामचा बैल एकदा तिच्या मक्यात शिरला. "मरत का नाहीस मेल्या!" असं ती रागाच्या भरात बोलून गेली, आणि चार दिवसांत बैल मेला. म्हातारा बैल, मरायलाच टेकला होता. पण ते तिच्या मनातून जाईना. तेव्हापासून राग आला की ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची. आपल्यात खरंच काही आहे की नाही, हे तिलाच कधी कळलं नाही.

१९१८ साली मानमोडीचा ताप आला. सगळ्या मुलखात माणसं पटापट मरत होती, पण पाड्याला फक्त आपली मेलेली दिसत होती. वीरसिंग कारभाऱ्याची दोन्ही पोरं गेली, तसा त्यानं बडव्याला बोलावलं. देवाचं पाहणारा हा माणूस. त्यानं सुपात ज्वारीचे दाणे टाकले, हलवले, निरखले आणि म्हणाला, "म्हातारीची विद्या सुनेत उतरली. डाकण ती आहे."

कमलीबाईची सून रमिलाबाई सहा महिन्यांची पोटुशी होती. डाकणीला झाडाला उलटं टांगायचं, खाली मिरच्यांचा धूर करायचा आणि कबूल करवायचं, अशी रीत. त्यातून ती वाचणार नव्हती, पोटातलं तर नाहीच. तिचा नवरा धनसिंग, कमलीबाईचा पोटचा मुलगा, मान खाली घालून उभा. बैलाएवढा गडी, आणि बायकोच्या पायाला सुकराम दोर बांधतोय तर हा जमीन बघतोय!

कमलीबाईनं तोंडातला पदर काढला.

"सोड तिला. पोरं मी खाल्ली."

"याहा, काय बोलतेस हे?" रमिलाबाई ओरडली. सासूला ती आईच म्हणायची.

"तू गप बस. हिला काही येत नाही. सुकराम, तुझा बैल कोणी मारला? मी मारला. देवी याहामोगीची आण घेऊन सांगते."

रमिलाबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"मग ताप उचल," वीरसिंग म्हणाला.

"मला नदीपार घाला. ताप माझ्यामागं येईल."

बडव्याला तेच हवं होतं. पण पलीकडून मंत्र टाकील, म्हणून आधी दात पाडा, असं त्यानं फर्मावलं. ज्यांनी याच तोंडाकडून चांगलं वदवून घेतलं होतं, त्यांनीच दगड आणला. लाज कशी वाटली नाही! कमलीबाई आपणहून बसली आणि तिनं तोंड उघडलं. मग रक्तानं भिजलेल्या लुगड्यानिशी तिला डुंग्याच्या होडीत घालून पलीकडे सोडून आले.

ताप ओसरला. पाडा म्हणाला, बघा, डाकण गेली, ताप गेला. अरे, तिकडं शहाद्यातलाही ताप गेला, तो मग कोणत्या डाकणीनं नेला? पण विचारणार कोण?

रमिलाबाईला मुलगा झाला. पलीकडच्या तीरावर कुणाच्या तरी गुरांमागं राहून म्हातारी रोज काठाला येऊन उभी राहायची. उन्हाळ्यात पात्र आटलं, तसं या काठावरचं माणूस तिला ओळखू येऊ लागलं. एके दिवशी तिला कडेवर पोर घेतलेली रमिलाबाई दिसली. म्हातारीनं हात वर केला.

रमिलाबाईनं सासूचं बोलणं आपल्या कानांनी ऐकलं होतं, देवीची शपथसुद्धा. तिनं घाईघाईनं पोराचं तोंड पदराखाली झाकलं आणि पाठ फिरवली.

म्हातारीनं हात खाली घेतला. त्यानंतर ती पाण्यावर यायची ती वळणापलीकडे, जिथून पाडा दिसत नाही.