बायचं शेत

छत्रीची मूठ उजव्या खांद्यावर एकदा टेकली की गाडी थांबवायची, दोनदा टेकली की मागे वळवायची. आमच्या नर्सबाई माझ्या एम-एटीच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसत आणि तोंडातून चकार शब्द न काढता मला अशा हाकत. बैल झाल्याची मला कधी लाज वाटली नाही. माझ्या दोन्ही मुली याच बाईंच्या हातांवर जन्मल्या. धाकटीच्या गळ्याला नाळेचे वेढे पडले होते आणि मी ओसरीवर बसून सगळ्या देवांना एकदमच नवस बोलत होतो. बाईंनी दार उघडून पोरीचं रडणं मला ऐकवलं आणि म्हणाल्या, "आता कुणाकुणाचे नवस फेडायचे ते बघा तुमचं तुम्ही."

गोष्ट नव्वद सालानंतरची. शहापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी कंपाउंडर होतो. बाई नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत तिथे आल्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. आमच्याकडे हे कुणाच्या डोक्यातच शिरत नसे. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, मराठी आमच्या हेडमास्तरांपेक्षा स्वच्छ, मग ही बाई देवळात का येत नाही? कोळंबी का खात नाही? खवलं नसलेला मासा त्यांना चालत नसे. सुकट घालून केलेली वांगी नाकारणारं माणूस आमच्या गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा वार. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा स्टोव्ह विझायचा, तो शनिवारी आकाशात चांदण्या दिसल्यावरच पेटायचा. माझी बायको शनिवारी न सांगता चहा पाठवायची आणि त्या न मागता प्यायच्या. पण शनिवारी एखादी अडलेली बाळंतीण आली की सगळ्यांच्या आधी बाईच धावत. मी एकदा छेडलं, तर म्हणाल्या, "पोटातल्या पोराला वार कळत नाही."

त्यांच्या पूर्वजांचं जहाज फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. जे वाचले त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. एका मे महिन्यात बाई आम्हा नवराबायकोला एसटीने तिकडे घेऊन गेल्या. नवगावची जुनी कबरस्तानाची जागा दाखवली. मग तिथल्याच, घाटातल्या नव्हे, खंडाळा गावातला खडक दाखवला. त्यांचा प्रेषित एलियाहू हन्नबी रथातून स्वर्गात गेला तो तिथून, आणि खडकावर चाकांच्या खुणा आहेत, अशी त्यांच्या लोकांची श्रद्धा. माझ्या बायकोने सवयीने उदबत्ती लावली आणि खडकाला प्रदक्षिणा सुरू केली. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. बाई सावलीला बसून केळं सोलत म्हणाल्या, "फिरू द्या. एसटीत पाय आखडलेत तिचे."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. त्या जन्मल्या तेव्हाच त्यांची आई गेली. बापाने तान्ही पोर ठाण्याला बहिणीच्या पदरात टाकली आणि पुन्हा आपल्या गावाचं नाव तोंडातून काढलं नाही. आत्येकडून कळलं ते इतकंच: मुरबाडच्या पुढे, नदीच्या काठी, मोहाचं झाड आणि शेजारी घाण्याचं दगडी उखळ. आई तिथेच पुरलेली. मुलगा इस्रायलला स्थायिक झालेला, रिटायर झाल्यावर बाईंनाही कायमचं तिकडे जायचं होतं. जाण्याआधी आईची कबर एकदा पाहायची होती. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातला रुमाल पार पिळून निघाला होता.

मग आमचे रविवार सुरू झाले. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून काळू नदीच्या कडेने एकेक गाव. बाई विचारत, इथे पूर्वी शनिवार तेली होते का? लोक अगत्याने आम्हाला मारुतीच्या देवळात नेऊन सोडत. शनिवारी तेल म्हटल्यावर दुसरं काय असणार? तीन गावांत तीन मारुती झाले. चौथ्या गावात पुजाऱ्याने आमच्यासाठी झोपलेल्या माणसाला उठवून तेलाची बाटली आणवली. बाईंनी ती निमूटपणे घेतली आणि घरी नेऊन गुडघ्यांना चोळली. मोहाची झाडं शंभर दिसली, उखळ एकही नाही. दोन वर्षं अशी गेली. मी मनातून हरलो होतो. बाईंना मात्र प्रत्येक गावात एखादी गरोदर पोरगी भेटायची आणि तिची नाडी पाहून, गोळ्या देऊन त्या समाधानाने परत फिरायच्या.

त्या रिटायर झाल्या त्या वर्षीची लावणी चालू होती. विमानाचं तिकीट आलेलं. सरळगावच्या पुढे एका टपरीवर आम्ही चहा प्यायला थांबलो. शेजारी बसलेला शेतकरी दुसऱ्याला सांगत होता की कालचा दिवस फुकट गेला, पाणी भरपूर होतं, पण बायच्या शेतात जोत धरता येत नाय. का नाय, म्हणून दुसऱ्याने विचारलं. तो म्हणाला, "शनवार व्हता ना. बायचा वार. बापजाद्यापासनं शनवारी तिथं नांगर जात नाय."

बाईंनी कप खाली ठेवला तो हिंदकळून अर्धा सांडला.

शेत नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं. मोहाचं झाड कधीच पडलेलं, खुंट तेवढा उरलेला. उखळ पालथं पडलं होतं आणि त्यावर पोरं बसून गुरं राखत होती. बांधाच्या कडेला गुडघाभर उंचीचा उभा दगड, शेंदराने थापलेला, तेलाने निथळणारा. शेतकऱ्याची म्हातारी आई मागोमाग आली. गावातल्या बाया दिवस भरत आले की इथे तेल घालतात, बाळंतपण सोपं होतं, असं तिने सांगितलं. ही कोण बाय, म्हणून मी विचारलं. म्हातारी म्हणाली, तेलीण. ती स्वतः लहान असताना या तेलिणीकडेच तेल आणायला जायची. बाळंतपणात गेली बिचारी.

बाई खाली बसल्या. दगडाच्या तळाशी नखाने शेंदूर खरवडला. खाली एक अक्षर निघालं, त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "पाटीत घालून नेली ती पोर तू?"

बाईंनी मान हलवली. डोक्यावरून पदर घेऊन त्यांनी हिब्रूत काहीतरी म्हटलं, बराच वेळ. मी आणि म्हातारी चिखलात उभे होतो. मला धास्ती वाटत होती. दगडाला शेंदूर फासून हात जोडणं यांच्या धर्माला मुळीच मंजूर नाही, हे मला एव्हाना कळत होतं. स्पिरिटने निघेल, मी पुढच्या रविवारी घेऊन येतो, असं मी कुजबुजलो. म्हातारीने ते ऐकलं. तिचा चेहरा पडला.

"आमचं चुकलं का गो?" ती म्हणाली. "बाय एकलीच राहिली हितं. आमाला वाटलं, तिला कोन हाय?"

बाईंनी तिचा हात धरला. "चुकलं नाही, मावशी. मी आजवर समजत होते आई एकटी आहे. फक्त तिला देव म्हणू नका, बाईमाणूस होती ती. आणि पोरींना आधी दवाखान्यात न्या. तेल मागाहून घाला."

शेंदूर तसाच राहिला. परतताना खांद्यावर छत्री काही टेकली नाही. पाठीमागे बाई रडत होत्या, शर्ट ओला झाला तेव्हा मला कळलं. माझेही डोळे भरले होते आणि गाडी नीट चालवणं मुश्कील झालं होतं. मला त्या माणसांचे फार उपकार वाटले. आपला देव कोणता आणि तिचा कोणता, हे न विचारता त्यांनी एका परक्या बाळंतिणीचा शनिवार साठ वर्षं पाळला होता.

इस्रायलला जाईपर्यंत बाई दर रविवारी तिथे गेल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे कबरीवर सब्जाच्या काड्या आणि गुलाब ठेवून येत. मग विमान गेलं. वर्षातून एखादं पत्र यायचं, त्यात माझ्या मुलींची चौकशी आणि शेवटी 'लावणी कशी आहे?' सात-आठ वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई तिकडेच वारल्या, त्यांना तिकडेच पुरलं.

म्हातारीला सांगायला मी स्वतः गेलो. ती आता कमरेत पार वाकली होती. ऐकून तिने विचारलं, "तिच्यावर कोन तेल घालतं का तिथं?"

मी म्हटलं, नाही मावशी, त्यांच्यात तसं नसतं.

ती उठली. घरातून बाटली घेऊन काठी टेकत बांधापर्यंत गेली. मी हात द्यायला गेलो तर तिने झिडकारला. दगडावर तिने पसाभर तेल ओतलं. ते खाली उतरेपर्यंत थांबली. मग पुन्हा पसा भरला.

"ते आईचं झालं," ती म्हणाली. "ह्ये पोरीचं."

बाईंना चाललं नसतं हे ठाऊक असूनही मी हात जोडले, आणि बराच वेळ ते सुटेनात.