पोळ्याच्या रंगाची मोटार

संग्रामपूरच्या हायस्कुलात बाई गणित शिकवत. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. ऐकू यावे म्हणून शेवटच्या बाकावरची मुले पुढे झुकत आणि वर्ग एकदम चिडीचूप होई. शेजारच्या वर्गात मी इतिहास शिकवत असे. त्या शांततेवरून मला कळे की बाई चिडल्या आहेत. आठवड्यातून चार दिवस तरी ती शांतता असे.

गणित चुकलेल्या मुलाला मात्र त्या तिसऱ्यांदाही समजावून सांगत. त्यांचा खरा राग मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेला होता. शाळा-समितीच्या एका बैठकीत कोणीतरी ‘तशी रीत आहे’ म्हणाले, तेव्हा बाई म्हणाल्या, "मी कारण विचारलं होतं. रीत हे कारण नाही, ती सवय आहे." इतिवृत्त माझ्याकडे असे. मी ते वाक्य लिहिले. नंतर ते गाळण्यात आले.

राज्य तेव्हा नवे होते आणि मॅट्रिकचे, म्हणजे अकरावीच्या परीक्षेचे, केंद्र जळगाव-जामोदला होते. मुलगे परीक्षेच्या आठवड्यात तिथल्या धर्मशाळेत राहत. मुलींना कोणी तसे ठेवत नसे, आणि सकाळची एस.टी. पेपर सुरू झाल्यावर पोहोचे. आदल्या वर्षी अकरावीच्या दोन्ही मुली घरी राहिल्या होत्या. या वर्षी पाच होत्या. बाईंच्या वडिलांनी, ते अमरावतीला वकील होते, बाईंसाठी मागे एक विलायती मोटार ठेवली होती. इंग्रजी अमदानीतली, लांब नाकाची. इंजिन ठणठणीत होते आणि बाईंना वडिलांनी चालवायला शिकवले होते. पत्रा मात्र गंजलेला, रंग पोपडे धरलेला. पालकांच्या सभेत बाईंनी सांगितले, पाचही मुलींना मी रोज नेईन आणि आणीन.

जिनवाले किसनजी उभे राहिले. गावाबाहेरचा, कापसातली सरकी काढणारा जिन त्यांचा, समितीत ते, आणि पाचांपैकी एक मुलगी त्यांची. "बाई, तुमचं म्हणनं बराबर हाय. पन ह्या भंगारात पोरीईले बसवाव काऊन? लोक म्हनतीन, कोंबड्या बाजारात नेऊन राह्यल्या."

सभा हसली. बाईंचा आवाज उतरला. "रंग लावला तर पाठवाल?"

"हाव. लावा रंग, मंग पाठवतो."

"हे सगळ्यांनी ऐकलं," बाई म्हणाल्या. बाकीच्या चौघींच्या बापांनीही माना डोलावल्या.

खामगावच्या कारखान्यात मोटार रंगवून घेणे बाईंच्या पगारात बसणारे नव्हते. म्हणून काम घरच्या अंगणात, निंबाखाली सुरू झाले. शाळा सुटली की बाई पदर खोचून काचकागद आणि पाणी घेऊन बसत आणि जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवत. खड्डे भरायला लांबी, म्हणजे पुट्टी, हवी होती. वर्गात पायाखाली जाणारे खडूचे तुकडे त्यांनी कुटले, तेलघाण्यावरच्या जवसाच्या तेलात मळले आणि ती लांबी उलथन्याने भरली. सुकल्यावर ती दगडासारखी घट्ट झाली. वर लाल अस्तराचा एक हात दिला. लोक येताजाता थांबत. "बाई, पोळा तं श्रावनात असते. आताच बैल धुऊन राह्यल्या काय?" बाई मान वर न करता म्हणत, "बैल गुणी असतो. तुम्ही पुढे चला."

ते बोलणे खरेही ठरले. किराणा दुकानात मोटारीचा रंग नव्हता. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवायचे उरलेले डबे होते, हिरवे आणि निळे. दुकानदार देईना.

"बाई, हा शिंगाचा रंग हाय. मोटारीचा नाही."

"शिंगं पावसात भिजतात?"

"भिजतात ना."

"उन्हात तापतात?"

"तापतात."

"मग रंग उडतो?"

"उडते कायचा! दुसऱ्या पोळ्यापर्यंत हालत नाही."

"द्या मग."

दोन्ही रंग मिसळून गर्द मोरपंखी छटा आली. पहिला हात रविवारी सकाळी दिला. दुपारपर्यंत बॉनेटवर पांढरी लव उगवली. हंगाम जोरात होता, जिनातून उडणारी रुई गावभर तरंगत होती आणि ओल्या रंगावर येऊन चिकटत होती. बाईंनी सगळा हात खरवडून काढला. पुढच्या रविवारी अंगणात सडा मारला, चारी बाजूंनी ओली गोणपाटे टांगली. तरी तेच. तेव्हा त्या किसनजींकडे गेल्या आणि एक दिवस जिन बंद ठेवण्याची विनंती केली. मी बरोबर होतो.

"तुमच्या मोटारीसाठी जिन बंद ठेवू? लोक हासतीन ना मले," किसनजी म्हणाले. "जिन फक्त अमावस्येले बंद राह्यते."

परतताना बाई म्हणाल्या, "परवा अमावस्या आहे."

मी म्हणालो की अमावस्येला गावात कोणी नवे काम हाती धरत नाही. औतसुद्धा जुंपत नाहीत.

"अमावस्येला हवा स्वच्छ असते. मला तेवढं पुरे."

त्या दिवशी बाईंनी रजा घेतली आणि उजाडल्यापासून रंग दिला. खरोखरच हवेत काही नव्हते. संध्याकाळी मोटारीच्या दारावर निंबाच्या फांदीचे प्रतिबिंब दिसत होते. कुंचल्याचे फरांटे जवळून कळत. चार हातांवरून कळत नसत. गावात त्या मोटारीइतकी देखणी दुसरी वस्तू नव्हती, आणि हे मी नाही, दुकानदार म्हणाला.

परीक्षेच्या पहिल्या सकाळी हँडल मी मारले आणि बाजूच्या पायरीवर उभा राहिलो. चार मुली चार घरांतून येऊन बसल्या. पाचव्या दारी किसनजी स्वतः ओट्यावर उभे होते. मागे मुलगी, वेणी घातलेली, हातात कंपासपेटी.

"मोटार झ्याक झाली बाई. पन रंग अमावस्येले लावला तुम्ही. त्यात लेकराले कशी बसवू?"

बाई काय म्हणाल्या ते आम्हाला मोटारीपाशी ऐकू आले नाही, इतका आवाज खाली होता. किसनजींचे उत्तर ऐकू आले: "रीत हाय बाई." मुलगी बापाकडे पाहत होती. ती रडत नव्हती, वाट पाहत होती. दार लागले.

मी रिकाम्या जागेवर बसायला निघालो तर बाईंनी अडवले. "ती जागा भरलेली आहे." पेपर संपेपर्यंत रोज सकाळी मोटार त्या ओट्यासमोर थांबली, बाईंनी भोंगा वाजवला आणि ती जागा रिकामी जळगावला गेली. चौघी पास झाल्या.

वैशाखात किसनजी बाईंच्या अंगणात आले. मुलीचे लग्न ठरले होते. "एका दिवसाची गोष्ट हाय. वरातीले मोटार पायजे. फुलं लावली का लय शोभीन."

"अमावस्येचा रंग आहे," बाई म्हणाल्या.

"लग्नाले चालते. नवरदेवाकडचे काई म्हनत नाहीत."

"ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. सही करा आणि मोटार न्या."

"लग्न झाल्यावर माही सही कुठं चालते? मंग ते सासरचं मानूस."

"आज चालते."

"तुमाले लेकरं नाहीत बाई, म्हून समजत नाही," किसनजी म्हणाले आणि गेले. वरात दमणीतून निघाली. नवरी बैलगाडीतून गेली याचा दोष गावाने बाईंना दिला.

मी तेव्हा अकोल्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. मोटारीची बातमी निकालानंतर पाठवली होती. छापून आली ती लग्नानंतर. खडूची लांबी, शिंगांचा रंग, चार मुलींचे यश, सगळे होते. मी अंक बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला.

"अचूक आहे. पाचवी कुठे आहे?"

मी म्हणालो, किसनजी समितीत आहेत.

"मग बातमी रंगाची झाली," बाई म्हणाल्या. मला ऐकण्यासाठी पुढे झुकावे लागले. अंक त्यांनी घडी घालून परत दिला.

बाईंनी पुढे बरीच वर्षे मुली नेल्या. जळगावची सकाळची गाडी वेळेवर धावू लागली तेव्हाच थांबल्या. निवृत्तीनंतर अमरावतीला गेल्या आणि तिथेच वारल्या. किसनजीही नाहीत. मी नोकरीतून आणि वर्तमानपत्रातूनही निवृत्त झालो आहे. आता लिहिल्याने कोणाचे काही बिघडणार नाही, आणि म्हणूनच मला लिहिता येत आहे. याचाही बाईंना राग आला असता.

पाचव्या मुलीचे नाव कुसुम. अकरावीत ती गणितात पहिली होती.